बालवाडीचे मोल : पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

तीन ते सहा वर्षे या वयातील मुलांच्या शिक्षणाला बालशिक्षण म्हणतात आणि ते जेथे दिले जाते त्या जागेला खेड्यात अंगणवाडी किंवा बालवाडी, तर शहरात शिशुवर्ग, बालमंदिर किंवा केजी अशी नावे आहेत. या शिक्षणाने मुलाला नेमके काय मिळते आणि ते घरी मिळण्यासारखे नसते काय, या प्रश्नावर पालक, शिक्षक आणि अभ्यासक यांच्यात मतभेद आहेत आणि ते निव्वळ गैरसमजातून आलेले नाहीत. आपल्या शास्त्रग्रंथांत विरोधी मत आधी पूर्ण बळानिशी मांडून मगच त्याचा परामर्श घेण्याची रीत आहे. त्या विरोधी मताला पूर्वपक्ष आणि त्यावरील उत्तराला उत्तरपक्ष म्हणतात. तीच रीत येथे पत्करली आहे. पूर्वपक्ष मांडणारे गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग अनेक वर्षे शिकवून निवृत्त झालेले आहेत आणि उत्तरपक्ष मांडणाऱ्या ताई बालवाडी चालवतात. दोघेही कल्पित असले, तरी त्यांची मते महाराष्ट्रात रोज ऐकू येणारी आहेत.

गुरुजी : ताई, घटनेने शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला तो सहा ते चौदा या वयासाठी, आणि सहा हा आकडा सहज आलेला नाही. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती सारी कूर्चेची, म्हणजे मऊ ऊतीची असतात, त्यांचे हाडांत रूपांतर एकामागून एक होत जाते आणि शेवटचे हाड तयार व्हायला नऊ ते बारा वर्षे लागतात. अशा हातात तिसऱ्या-चौथ्या वर्षी पेन्सिल देऊन पानेच्या पाने गिरवून घेणे हे शिक्षण नसून शिक्षा आहे. पहिलीच्या वर्गात अलीकडे दोन वर्षे केजी करून आलेली मुले येतात. त्यांतल्या अनेकांना वही समोर दिसताच कपाळाला आठ्या पडतात, तर कुठेही न गेलेले मूल पाटी हातात मिळाल्याच्या आनंदात असते. शिकण्याची भूकच मारून टाकणारी दोन वर्षे मुलाच्या आयुष्यात वाढवण्यात कोणते हित आहे?

ताई : गुरुजी, आपला आक्षेप गिरवण्यावर आहे आणि बालशिक्षणाच्या प्रत्येक जाणत्या पुरस्कर्त्याचा आक्षेपही तोच होता. जर्मनीत फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था सुरू केली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिले, तेव्हा त्यांनी मुलांच्या हाती पुस्तक न देता लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, दंडगोल आणि घन दिले. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या श्रमिकांच्या वस्तीत पहिले बालगृह उघडले, तेथे शिकवणे जवळजवळ नव्हते. हाताने करून पाहण्याची साधने आणि ती निवडण्याची मोकळीक एवढेच होते. भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी जे बालमंदिर उभे केले, तेही याच विचाराचे होते. ज्युनिअर केजीच्या नावाखाली पहिलीचा अभ्यास दोन वर्षे आधी ओढून आणला जात असेल, तर तो बालशिक्षणाचा दोष म्हणता येणार नाही, कारण तेथे बालशिक्षण सुरूच झालेले नसते.

गुरुजी : मान्य. पण चेंडू, ठोकळे आणि मोकळीक एवढेच द्यायचे असेल, तर त्यासाठी वेगळी संस्था कशाला? घरात आजी तांदूळ निवडते, तेव्हा शेजारी बसलेले मूल खडे वेगळे काढते, तेच वर्गीकरण. आई भाकरी थापते, तेव्हा मूल पिठाच्या गोळ्याचे लहान-मोठे आकार करते, तेच गणित. अंगणात भातुकली मांडली जाते, तेथे भूमिका घेणे, नियम ठरवणे, भांडणे आणि मिटवणे सारे आपोआप घडते. आपल्या माणसांत, आपल्या बोलीत आणि आपल्या वेळेने जे मिळते, ते तीस मुलांच्या गर्दीत एका परक्या बाईकडून अधिक चांगले मिळेल, असे मानायचे ते कशाच्या आधारावर?

ताई : आपण सांगता तसे घर असेल, तर ते उत्तम बालवाडीच आहे आणि त्या घरातील मूल बालवाडीत आले नाही म्हणून त्याचे फारसे बिघडणार नाही. प्रश्न असा आहे की असे घर किती मुलांच्या वाट्याला येते. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याचे मूल पहाटेपासून फडाच्या कडेला असते. त्याच्याशी बोलायला आईला उसंत नसते आणि आजी गावी राहिलेली असते. शहरातील दोन खोल्यांच्या घरात आईवडील दोघेही कामावर जातात आणि मूल मोबाइलच्या पडद्यासमोर बसते. तेथे शब्द भरपूर ऐकू येतात, पण मुलाने काही म्हटले तर त्याला उत्तर मिळत नाही. भाषा नुसती कानावर पडून रुजत नाही, ती देवाणघेवाणीतून रुजते. शिवाय घरात धाकटे भावंड असेल, तर त्याला सांभाळायला बहुतेक वेळा थोरली बहीण शाळेतून काढली जाते. म्हणजे एका मुलाला बालवाडी नसली की दुसऱ्या मुलीची शाळाही जाते.

या शेवटच्या मुद्द्यामागे महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव आहे. ताराबाई मोडक यांनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केला, पण माँटेसरी पद्धतीची महागडी साधने मध्यमवर्गाच्या पलीकडे पोचणार नाहीत हे त्यांना दिसत होते, म्हणून १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तेथे शिंपले, बिया, पाने, खडे आणि माती यांतून साधने तयार झाली. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली गेली आणि अंगणवाडीची कल्पना तेथे आकाराला आली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांच्या परिसरात गेले; पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात चालवणाऱ्या तेथील रचनेला विकासवाडी असे नाव होते. धाकटे भावंड पाळणाघरात राहिले, तरच थोरली मुलगी निर्धास्तपणे वर्गात बसू शकते, हे ओळखून ही रचना केलेली होती. जी मुले गुरांमागे रानात जात, त्यांच्यासाठी शाळाच कुरणात भरवली जाई.

गुरुजी : ताराबाई आणि अनुताई यांच्यापुढे मस्तक नमते. पण थोर व्यक्तींच्या हातून जे घडले, ते व्यवस्थेच्या हातून घडेलच असे नाही आणि पुरावाही तसा एकमुखी नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्याने गरीब कुटुंबांतील चार वर्षांच्या मुलांसाठी सरकारी पूर्वप्राथमिक वर्ग चालवले. जागांपेक्षा अर्ज जास्त आल्याने प्रवेश चिठ्ठ्या टाकून दिले गेले आणि त्यामुळे प्रवेश मिळालेल्या व न मिळालेल्या मुलांची न्याय्य तुलना शक्य झाली. सुमारे तीन हजार मुलांच्या या अभ्यासाचे सहावीपर्यंतचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रवेश मिळालेली मुले सुरुवातीला पुढे होती, पण सहावीत ती चाचण्यांत मागे पडलेली आढळली आणि शिस्तभंगाच्या नोंदीही त्यांच्याच नावावर अधिक होत्या. फिनलंडमध्ये मूल सातव्या वर्षी शाळेत जाते आणि त्यात कोणाचे नुकसान झालेले दिसत नाही. मग घाई कशासाठी?

ताई : टेनेसीचा अभ्यास दुर्लक्ष करण्याजोगा नाही, उलट बालशिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनीच तो सर्वांत काळजीपूर्वक वाचला पाहिजे. त्या संशोधकांपैकी डेल फॅरन यांनी या वर्गांच्या कारभाराकडे बोट दाखवले आहे : संपूर्ण वर्गाला एकत्र बसवून शिकवणे, शिक्षिकेनेच बोलत राहणे, रांगेत उभे करणे, आणि मुलाने स्वतः निवडून काही करायला थोडाच वेळ. म्हणजे शाळेचे वळण लवकर लावले आणि त्याचे फळ विपरीत मिळाले.

याच्या शेजारी त्याच देशातील दुसरा प्रयोग ठेवून पाहावा. मिशिगन राज्यातील इप्सिलँटी या गावी १९६२ पासून पेरी प्रीस्कूल नावाचा प्रयोग झाला. त्यात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुले होती. ५८ मुलांना बालवर्ग मिळाला आणि ६५ मुलांना मिळाला नाही. पाच-सहा मुलांमागे एक शिक्षिका, रोज अडीच तासांचा वर्ग, मुलांनीच आपले काम ठरवायचे, ते करायचे आणि मग त्याविषयी बोलायचे अशी पद्धत, आणि आठवड्यातून एकदा शिक्षिकेची मुलाच्या घरी भेट, अशी ती योजना होती. या मुलांचा बुद्ध्यंक, म्हणजे बुद्धिचाचणीतील गुणांवरून काढलेला निर्देशांक, प्रथम वाढला आणि काही वर्षांत तो फरक पुसला गेला. प्रयोग फसला असे तेव्हा अनेकांना वाटले. पण चाळिसाव्या वर्षापर्यंत बालवर्गातील ७७ टक्के मुलांनी माध्यमिक शिक्षण पूर्ण केले होते, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण ६० टक्के होते. बालवर्गातील मुलांची मिळकत अधिक होती आणि अटकेचे प्रसंग कमी होते. अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले जेम्स हेकमन यांनी या माहितीचा पुन्हा अभ्यास करून दाखवले की टिकलेला लाभ बुद्ध्यंकाचा नव्हता; तो धीर धरणे, हाती घेतलेले काम तडीस नेणे आणि इतरांशी जुळवून घेणे या गुणांचा होता.

फिनलंडचे उदाहरण तर या बाजूचेच आहे. तेथे औपचारिक शाळा सातव्या वर्षी सुरू होते हे खरे, पण त्याआधी बालसंगोपन केंद्रात जागा मिळणे हा प्रत्येक मुलाचा कायदेशीर हक्क आहे आणि सहाव्या वर्षीचे पूर्वप्राथमिक शिक्षण २०१५ पासून सक्तीचे आहे. त्या देशाने अक्षरांची घाई टाळली आहे, बालशिक्षण टाळलेले नाही.

गुरुजी : पाच-सहा मुलांमागे एक शिक्षिका! ताई, आपल्या अंगणवाडीत एक सेविका आणि एक मदतनीस असते. पूरक आहार, लसीकरणास मदत, वजन-उंचीच्या नोंदी, गरोदर मातांच्या भेटी, रजिस्टरे, मोबाइलवरची माहिती आणि वर निवडणुकीची कामे, एवढे उरकून तिने शिकवायचे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हापासून तिच्या सहा सेवांच्या यादीत पूर्वशालेय शिक्षणाचे नाव आहे. पण खिचडी शिजली नाही तर त्याच दिवशी बोंब होते आणि गोष्ट सांगितली गेली नाही तर वर्षभर कोणी विचारत नाही. मिशिगनचे फळ या झाडाला कसे लागेल?

ताई : याचे उत्तर मिशिगनमध्ये शोधण्याची गरज नाही, ते तमिळनाडूत मिळते. तेथील चार जिल्ह्यांतील ३२० अंगणवाड्यांत एक प्रयोग झाला. त्यांतल्या चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या निम्म्या अंगणवाड्यांना केवळ बालशिक्षणासाठी अर्धा वेळ काम करणारी एक जादा कार्यकर्ती मिळाली आणि बाकी सारे जसेच्या तसे ठेवले गेले. मुलांना मिळणारा शिकण्याचा वेळ दुप्पट झाला आणि भाषा व गणित दोन्हींत ती स्पष्टपणे पुढे गेली. त्याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्या ठिकाणी खुरटलेल्या मुलांचे, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या मुलांचे प्रमाणही घटले, कारण शिकवण्याचा भार उतरल्यामुळे मूळच्या सेविकेला आहार आणि आरोग्याकडे लक्ष द्यायला वेळ मिळाला. ही कार्यकर्ती उच्चशिक्षित तज्ज्ञ नव्हती, स्थानिक स्त्री होती. तिला थोडे प्रशिक्षण आणि माफक मानधन दिलेले होते. म्हणजे फळ न लागण्याचे कारण जमिनीत नाही, पाणी न घालण्यात आहे.

गुरुजी : आणि पालकांचे काय? गावातली अंगणवाडी ओस पडते आणि शेजारच्या गावातील इंग्रजी केजीची पिवळी गाडी भरून जाते. पालकाला वहीत एबीसीडी दिसली पाहिजे. यशपाल समितीने १९९३ मध्ये ओझ्याविना शिक्षणाचा आग्रह धरताना शिशुवर्गांच्या प्रवेशासाठी होणाऱ्या चाचण्या आणि मुलाखती बंद करायला सांगितले, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकाची परीक्षा घेण्यास मनाई केली. तरीही तीन वर्षांच्या मुलाला रंगांची नावे इंग्रजीत पाठ करून मुलाखतीसाठी तयार करणारे पालक आजही दिसतात. खेळून आलेले मूल काय शिकले, हे त्यांना कसे दाखवणार?

ताई : ते दाखवता येते, पण त्यासाठी पालकाला वर्गात बोलावून बसवावे लागते. चार वर्षांचे मूल एकपासून वीसपर्यंत अंक घडाघडा म्हणते तेव्हा घरी कौतुक होते; त्याच मुलासमोर पाच चिंचोके एका ओळीत आणि त्यांच्या खाली पाच खडे तितक्याच अंतरावर मांडावेत. दोन्ही सारखे आहेत काय असे विचारले, तर ते हो म्हणते. मग त्याच्या डोळ्यांदेखत खडे दूर दूर सरकवावेत आणि पुन्हा विचारावे. बहुतेक मुले आता खडे जास्त झाले असे सांगतात. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी याला संख्येच्या अक्षयतेचे आकलन असे म्हटले, म्हणजे मांडणी बदलली तरी संख्या बदलत नाही ही समज. ती साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास पक्की होते आणि तिच्याशिवाय बेरीज ही नुसती घोकंपट्टी राहते. बालवाडीत मूल चिंचोके वाटते, मणी ओवते, डब्यांची झाकणे जुळवते, प्रत्येकाला एक पेला मिळाला की नाही ते पाहते, तेव्हा हीच समज हाताने तयार होत असते. पालकाने हे एकदा आपल्या डोळ्यांनी पाहिले की वहीतील एबीसीडीचा आग्रह पुष्कळसा मावळतो.

भातुकलीचेही तसेच. वाण्याच्या दुकानाचा खेळ चाललेला असताना वाणी झालेल्या मुलाला समोरचा गूळ खाण्याचा मोह होतो, पण वाणी स्वतःचा माल खात नाही म्हणून ते स्वतःला आवरते. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांनी हेच सांगितले की काल्पनिक खेळात मूल भूमिकेच्या नियमासाठी आपल्या तात्काळ इच्छेवर ताबा ठेवायला शिकते. वर्गात हाताची घडी घालून बसवल्याने जी शिस्त येत नाही, ती या खेळातून येते. भाषेविषयी तर बोलायलाच नको. मेळघाटातील कोरकू मुलाला पहिलीच्या पुस्तकातील मराठी ही दुसरीच भाषा असते; त्याची बोली जाणणारी सेविका तीन वर्षे गाण्यांतून, गोष्टींतून कोरकूकडून मराठीकडे त्याला हळूहळू आणत असेल, तर पहिलीच्या दारात ते मूल मुके राहणार नाही.

गुरुजी : या शेवटच्या उदाहरणापुढे आक्षेप घेणे कठीण आहे. पहिलीच्या वर्गात असे मूल महिनोन्महिने गप्प बसलेले असते आणि त्याला मंद ठरवले जाते. तो दोष त्या मुलाचा नसतो. तेव्हा आक्षेप मागे घेता येईल, पण अटीवर. सहाव्या वर्षापूर्वी लेखनाची सक्ती, गृहपाठ आणि परीक्षा नसाव्यात, माध्यम मुलाची बोली असावी आणि शिकवणाऱ्या बाईला शिकवण्यासाठी वेळ मिळावा. एवढे नसेल, तर मूल घरीच बरे.

ताई : गुरुजी, ही अट म्हणजेच बालशिक्षणाची व्याख्या आहे. मतभेद उरतो तो शेवटच्या वाक्यापुरता. अट पुरी होत नाही म्हणून मूल घरी ठेवण्याची सोय ज्यांचे घर भरलेले आहे त्यांनाच परवडते. बाकीच्या मुलांसाठी अट पुरी करून घेणे हाच मार्ग राहतो.

या संवादात दोन्ही पक्ष जेथे येऊन मिळतात, तेथे निर्णय स्पष्ट आहे. बालवाडीचे मोल ती किती लवकर सुरू होते यावर ठरत नाही. तेथील तीन-चार तासांत मुलाला किती बोलायला, हाताळायला, निवडायला आणि खेळायला मिळते यावर ते ठरते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने खेळाला केंद्रस्थानी ठेवून हा विचार अधिकृतपणे स्वीकारला आहे. मात्र कायद्यात त्याला अजून बळ नाही. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन आणि शिक्षण अनुच्छेद ४५ मध्ये ठेवले. हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांपैकी, म्हणजे न्यायालयातून बजावून न घेता येणाऱ्या कर्तव्यांपैकी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ नेही शासनाला फक्त अशी सोय करण्याची मुभा दिली आहे, तिची सक्ती केलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना उपदान, म्हणजे दीर्घ सेवेनंतर मिळणारी एकरकमी रक्कम, मिळण्याचा अधिकार मान्य केला, तरी शासनदरबारी त्यांचे काम अजूनही मानसेवी, म्हणजे वेतनावाचून मानधनावर केलेले काम मानले जाते.

म्हणून मागणीही स्पष्ट असली पाहिजे. तीन ते सहा वर्षांच्या प्रत्येक बालकाला बालशिक्षणाचा हक्क कायद्याने मिळावा. प्रत्येक अंगणवाडीत केवळ बालशिक्षणासाठी एक प्रशिक्षित कार्यकर्ती नेमावी आणि तिला मानधनाऐवजी वेतन द्यावे. आणि सरकारी असो वा खासगी, कोणत्याही शिशुवर्गात लेखनाची सक्ती, गृहपाठ आणि परीक्षा यांना बंदी असावी. पालकांनीही शाळा निवडताना मुलाची वही पाहण्याआधी वर्गात जाऊन तासभर बसावे आणि तेथे मुले बोलतात की फक्त ऐकतात एवढेच पाहावे. जेथे मुले बोलत असतील, तेथे आपले मूल निःशंक पाठवावे.